प्रतिपक्षाच्या पोथीतून

१८३२ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापून बाहेर पडले. हिंदू धर्माचे पितळ उघडे पाडणे हा त्याचा हेतू होता आणि तो मुखपृष्ठावरच लिहिलेला होता. लेखक होते स्कॉटलंडहून आलेले पाद्री जॉन विल्सन. पण पुस्तक उघडले की वाचकाला आधी भेटतात ते मोरभट दांडेकर. विल्सनसाहेबांशी वाद घालून मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ नावाचे पुस्तक काढले होते. त्याचे खंडन करण्यापूर्वी विल्सननी त्याचे इंग्रजी भाषांतर आपल्याच पुस्तकाच्या आरंभी जोडले. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी रीत होती. ती पाळताना विल्सननी एका हिंदू शास्त्र्याचा ख्रिस्ती धर्मावरचा हल्ला स्वतःच इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवला.

ख्रिस्ती धर्मविचाराने इतर धर्मांकडे कसे पाहिले याचा इतिहास बहुतेकदा युरोपातल्या विद्यापीठांतून आणि परिषदांतून सांगितला जातो. त्यातला मोठा भाग मुंबई, नगर, पुणे आणि साताऱ्याकडे घडला, आणि तो घडवणाऱ्यांत ख्रिस्ती जितके होते तितकेच त्यांचे प्रतिपक्षीही होते.

याआधी दोनशे वर्षे गोव्यात ख्रिस्ती धर्म मराठीत बोलत होताच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, पण जुन्या पोथ्यांवर बंदी आल्यावर ऐकायला पुराण उरले नव्हते. ती पोकळी स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्यांनी भरून काढली. ओवी इथली, रचना इथली, कथा मात्र बायबलची. काव्य म्हणून ते मोठेच आहे. पण गोव्यात सत्ता चर्चच्या बाजूने होती आणि धर्मन्यायालय १५६० पासून बसलेले होते. तिथे एखाद्या भटजीने उत्तरादाखल पुस्तक छापणे शक्यच नव्हते. त्यामुळे तिथे इतर धर्मांची भाषा घेतली गेली, त्यांचे म्हणणे मात्र ऐकले गेले नाही.

मुंबईतली परिस्थिती वेगळी होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या विचारात होते. मिशनरी इथल्या लोकांना चिडवतील आणि राज्याला त्रास होईल ही सरकारची भीती. पुढे मिशनरींना मोकळीक मिळाली, तरी सरकार उघडपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. छापखाने मात्र सर्वांसाठी खुले होते. ज्याच्याकडे मजकूर आणि चार पैसे होते, त्याला आपले म्हणणे छापता येत होते. पाद्रीसाहेबाने सभेत प्रश्न टाकला तर त्याला भर सभेत उत्तर मिळे आणि महिन्या-दोन महिन्यांत ते छापूनही येई.

विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांनी काही काळ कोकणात हर्णैला राहून मराठीचा अभ्यास केला आणि मग मुंबईत ठाण मांडले. त्यांची शिकवण स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतली होती. माणूस मूळ पापाने बिघडलेला आहे, तारणाचा मार्ग एकच आहे आणि तो बायबलमध्ये सांगितला आहे. इतर धर्म हे त्या सत्याचे विपर्यास किंवा निव्वळ मानवी कल्पना, असे हे साधे गणित होते. ते लोकांना पटवण्याची पद्धतही ठरलेली होती: चमत्कार आणि भविष्यवाणी यांचे पुरावे द्यायचे आणि दुसऱ्याच्या देवांच्या वर्तनातले दोष दाखवायचे. १८३० मध्ये रामचंद्र नावाच्या एका पूर्वाश्रमीच्या पुराणिकाला पुढे करून ब्राह्मणांशी पहिला मोठा जाहीर वाद झाला. १८३१ च्या फेब्रुवारीत मोरभटांशी अनेक संध्याकाळी वाद रंगला.

विल्सनांचा मुख्य हल्ला कृष्णचरित्रावर होता. जो देव असे वागतो तो देव कसा? त्यावर शास्त्र्यांचे म्हणणे असे की ईश्वराच्या लीलेला माणसाच्या नीतीची फूटपट्टी लागू होत नाही. हे उत्तर विल्सनांना पळवाट वाटले. पण उलट प्रश्न आले तेव्हा तेही सोपे नव्हते. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तर पापक्षमेसाठी पुत्राचा बळी कशाला? एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याने भोगणे हा कुठला न्याय? ख्रिस्ताचे नावही न ऐकता जे मेले त्यांचे काय? शेवटचा प्रश्न साऱ्या शतकभर मिशनरींचा पिच्छा पुरवणार होता. युरोपातल्या धर्मपंडिताला तो पुस्तकी वाटला असता. इथे तो विचारणाऱ्याच्या मनात स्वतःचे आजोबा-पणजोबा होते.

विल्सननी एका हिंदू वादीवर भागवले नाही. साताऱ्याच्या नारायणरावांना १८३४ मध्ये दुसऱ्या पुस्तकाने उत्तर दिले आणि मुसलमान विद्वानांशीही लेखी वाद केला. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबई हादरली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. पारशी समाजातून विल्सनांना उत्तरे सुरू झाली. दस्तूर एदलजी दाराबजी संजाना यांनी १८४० मध्ये झरथुष्ट्राच्या चमत्कारांवर ग्रंथ लिहिला. चमत्कार हा पुरावा असेल तर तो आमच्याकडेही आहे, असा त्यांचा रोख. त्याला तोंड द्यायचे तर पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता वाचणे भाग होते. १८४३ मध्ये विल्सननी पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा हेतू खंडनाचाच होता, पण परिणाम दुहेरी झाला. पारशी तरुणांना आपल्या धर्मग्रंथांचा नव्याने अभ्यास करण्याची निकड भासली आणि पुढे खरशेटजी रुस्तमजी कामा यांच्यासारख्यांनी युरोपात जाऊन तो केला. इकडे विल्सन स्वतः प्राच्यविद्येचे पंडित म्हणून नावाजले गेले; एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद तर त्यांना त्याआधीच मिळाले होते. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते हेच.

या वादांचे पुढचे पर्व समजून घ्यायचे तर एकाच वर्षी जन्मलेले दोन कोकणस्थ पाहावेत. दोघांचा जन्म १८२५ चा. एक नीळकंठशास्त्री गोरे. जन्म झाशीकडचा, वाढ काशीत, संस्कृत दर्शनांचा पक्का अभ्यास. दुसरे विष्णू भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबाबा ब्रह्मचारी. जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचा. शाळेचे शिक्षण बेताचेच, काही वर्षे जकात खात्यात नोकरी, मग वैराग्य.

विष्णुबाबा १८५६ मध्ये मुंबईस आले. वेदोक्त धर्म हाच मूळ धर्म अशी व्याख्याने त्यांनी सुरू केली आणि मिशनरींना जाहीर आव्हान दिले. गर्दी खोलीत मावेना, तेव्हा वाद समुद्रकिनारी न्यायचे ठरले. १८५७ च्या जानेवारीपासून दर गुरुवारी संध्याकाळी चौपाटीच्या वाळूत सभा भरू लागली. पलीकडच्या बाजूला होते अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. ते विल्सनांसारखे संस्थाधिपती नव्हते. मिशनचा पगार सोडून ते मुंबईच्या बाजारवस्तीत एका साध्या खोलीत राहत. समोर भगव्या वस्त्रातला ब्रह्मचारी आणि इकडे आपखुशीने गरिबीत राहणारा गोरा पाद्री. मुंबईच्या लोकांना हे दोघेही साधूच वाटले असतील तर नवल नाही.

वादाचे विषय बडे होते. ईश्वर निराकार आहे तर त्याला पुत्र कसा, सृष्टी कशातून झाली, पाप म्हणजे काय, मोक्ष कोणाला. विष्णुबाबा शास्त्री नव्हते, त्यामुळे ते वचनांचे दाखले देण्यापेक्षा रोकडे प्रश्न विचारत. श्रोत्यांना ते आवडे आणि हशा-टाळ्या त्यांच्या वाट्याला येत. बोवेन शांतपणे उत्तरे देत आणि मग घरी जाऊन इंग्रजीत वृत्तांत लिहीत. तो त्याच वर्षी पुस्तकरूपाने आला. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक विष्णुबाबांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर दोन्हीकडे आपापला पक्ष जिंकलेला दिसतो. मे महिन्याच्या अखेरीस सभा थांबल्या. तोवर मीरतच्या बंडाची बातमी येऊन थडकली होती आणि चौपाटीवर धर्मावरून गर्दी जमणे सरकारला परवडणारे नव्हते.

अशा वादांनी फारसे कोणी ख्रिस्ती झाले नाही. पण वादांत काय करून भागत नाही, ते मिशनरींना कळत गेले. देवादिकांची टवाळी केली की श्रोता ऐकायचे थांबवतो. आणि बायबलमधल्या कथांनाही तीच टवाळी लावता येते. युरोपातल्याच बुद्धिवाद्यांनी ती आधी लावली होती आणि त्यांची पुस्तके मुंबईत मिळू लागली होती.

नीळकंठशास्त्री गोऱ्यांची वाट उलट्या दिशेने गेली. तरुणपणी ते काशीच्या मिशनऱ्यांशी वाद घालायला गेले ते त्यांचे तोंड बंद करण्यासाठी. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती मतावर नेमके बोट ठेवले. पूर्वजन्म मानला नाही तर जन्मांध मुलाच्या दुःखाचे कारण काय? दयाळू ईश्वर जीवाला निर्माण करून अनंत नरकात कसा टाकतो? हे प्रश्न विचारता विचारता त्यांचे स्वतःचेच मन डळमळले आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव घेतले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. इथपर्यंत ही नेहमीची धर्मांतरकथा वाटते. पण गोरे आयुष्यभर शंकांनी पछाडलेले राहिले आणि उतारवयात त्यांनी एक वेगळी गोष्ट मांडली. ईश्वराने हिंदूंना ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी जसे तयार केले तसे यहुद्यांखेरीज कोणालाही केले नाही, हे त्यांनी १८८७ मध्ये लिहिले. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे गुण आम्ही चर्चमध्ये शिकलो नाही, ते घरूनच घेऊन आलो, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य विल्सनांच्या गणितात बसत नाही. इतर धर्म जर निव्वळ विपर्यास असतील, तर ईश्वराने त्यांतून तयारी कशी करवली? बंगालमध्ये कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ मध्ये वेदांतल्या प्रजापतीच्या यज्ञात ख्रिस्ताची चाहूल शोधली होती. म्हणजे हा विचार इथल्या ख्रिस्ती पंडितांना अनेक ठिकाणी सुचत होता. आपले पूर्वज नरकात आहेत हे मान्य करणे त्यांना जड जाणारच.

गोऱ्यांच्या पत्रांचा आणि लेखांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींना वाटले, आता ही आपल्या शिस्तीत येईल. रमाबाई ख्रिस्ताला मानत होत्या, पण चर्चची प्रत्येक आज्ञा निमूट मानायला तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी गुरुजनांशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. प्रतिपक्षाचा प्रश्न आता चर्चच्या आतून येऊ लागला.

जोतीराव फुल्यांनी तर हा वादच ओलांडला. मिशनऱ्यांशी त्यांचा घरोबा होता, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच कुटुंबात नवरा, बायको, मुलगी आणि मुलगा निरनिराळ्या धर्मांचे असावेत आणि तरी प्रेमाने नांदावेत, असे चित्र आहे. त्या काळातल्या कुठल्याही मिशनला किंवा धर्मपीठाला ते पचले नसते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि पर्वतावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, ही हकीकत ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टिळकांनी पुढे काय केले ते धर्मविचाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. हिंदू संत हा आमचा पहिला जुना करार आहे, अशीही त्यांची धारणा होती.

या म्हणण्याचे वजन लक्षात घ्यायला हवे. ख्रिस्ती माणसासाठी जुना करार हे ईश्वराने बोललेले वचन आहे. ज्ञानोबा-तुकोबांना त्या जागी बसवणे म्हणजे देव आळंदी-देहूतही बोलला असे कबूल करणे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालणार होते. चर्चची कुंपणाची भिंतच त्यांनी ठिसूळ केली. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. पण त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला आणि १९२७ मध्ये पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला.

टिळक अभंग रचत होते त्याच सुमारास हाच विचार इंग्रजीत शास्त्रशुद्ध रूप घेत होता. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीसच्या आसपास. परिषदेच्या चौथ्या समितीने देशोदेशीच्या मिशनऱ्यांना आधीच प्रश्नावली पाठवली होती: तुमच्या भागातल्या धर्मात तुम्हाला काय भले दिसते, लोकांची अडचण कुठे आहे, वगैरे. हिंदुस्थानातून आलेल्या उत्तरांचा एकंदर सूर सहानुभूतीचा होता. ऐंशी वर्षांपूर्वी विल्सनांना असा प्रश्न कोणी विचारलाही नसता. तीन वर्षांनी जे. एन. फार्कर यांचे ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ आले. ख्रिस्त हिंदू धर्म मोडायला नाही, पूर्ण करायला आला; त्या धर्माच्या खऱ्या आकांक्षांना तो मुकुट आहे, हा त्यांचा सिद्धान्त. त्याच मालिकेत बसणारे काम पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी केले. मराठी संतांच्या १०८ रचनांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी १९१९ मध्ये छापली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर बहिणाबाई, महीपती आणि इतर संतकवींना इंग्रजीत नेण्यात उरलेले आयुष्य घातले. त्यांत खंडन नावालाही नव्हते.

फार्करांचा परिपूर्तीचा हा सिद्धान्त सर्वांना पटला नाही. मद्रासच्या ए. जी. हॉग यांनी विचारले, हिंदूला जी तहानच लागलेली नाही ती तुम्ही कशी भागवणार? ‘मुकुट’ म्हटले तरी डोके दुसऱ्याचे आणि मान आपला, हा अहंकार त्यात आहेच. हिंदू वाचकांनाही तो जाणवला. १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे परिषद भरली तेव्हा डच पंडित हेंड्रिक क्रेमर यांनी उलट टोक गाठले: बायबलमधले प्रकटीकरण आणि मानवी धर्म यांच्यात सलग वाट नाहीच. विल्सनांचे गणित जणू अधिक विद्वत्तेने परत आले.

कॅथलिक बाजूला वळण पुन्हा मुंबईतच दिसले. १९६४ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत धर्मपंडितांची एक परिषद झाली. जगातल्या धर्मांना तारणाच्या योजनेत स्थान काय, हा तिचा विषय. त्यात हान्स क्युंग यांनी इतर धर्म हेच बहुसंख्य माणसांचे तारणाचे सर्वसाधारण मार्ग होत, अशी धाडसी मांडणी केली. काही दिवसांतच पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्त संमेलनासाठी मुंबईस आले. पोपने हिंदुस्थानात पाऊल टाकण्याची ही पहिलीच वेळ. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे, अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची बृहदारण्यकातली प्रार्थना म्हणून दाखवली. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीची घोषणा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केली. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे त्यात आहे. वाद तिथेही मिटला नाही. २००० साली रोमने ‘दोमिनुस येसुस’ ही घोषणा काढून तारणाचा एकमेव मार्ग ख्रिस्तच हे पुन्हा ठासून सांगितले.

या कथेचा हिशेब करताना श्रेय नीट वाटायला हवे. ख्रिस्ती धर्मविचार उदार झाला तो केवळ कुणा मिशनऱ्याच्या मनाच्या मोठेपणामुळे नाही. त्याला उत्तर मिळत होते, आणि ते छापून मिळत होते. ख्रिस्ताचे नाव न ऐकलेल्यांचे काय, हा मोरभटांच्या पिढीचा प्रश्न गोऱ्यांनी आतून सोसला, टिळकांनी अभंगांतून त्याला एक उत्तर दिले आणि रोमच्या परिषदेत तो शेवटी मतदानाला आला. धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आज फार्कर आहेत, क्रेमर आहेत. मोरभट दांडेकर आणि विष्णुबाबा ब्रह्मचारी तिथे नाहीत. असायला हवेत.